गोठ्यात लम्पी शिरला तर पहिले पंधरा दिवस

प्रश्न थोडक्यात असा: गोठ्यात सहा संकरित गाई, एक खिलार बैलजोडी, तीन वासरं आणि चार शेळ्या. एका गाईला दोन दिवसांपासून ताप आहे, दूध निम्म्यावर आलं आहे, मानेवर आणि पोटावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या आहेत. मागच्या वर्षी लस टोचली होती, यंदा राहून गेली. आता बाकीच्यांना लगेच लस द्यावी का, आजारी गाईला काय द्यावं, दूध घरात वापरावं का?

ही लक्षणं लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाची दिसतात. आजच्या आज करायचं ते आधी सांगतो. ती गाय बाकीच्यांपासून तोडा. पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या किंवा १९६२ ला फोन करा. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा ताप मोजून लिहून ठेवा. ज्यांना ताप नाही त्यांनाच लस, आजारी गाईला मुळीच नाही. डॉक्टर येईपर्यंत तिच्या तोंडात नळीने किंवा बाटलीने काहीही ओतू नका. दुधाबद्दल धास्ती नको, लम्पी माणसाला होत नाही; दूध नेहमीसारखं उकळून वापरा. मात्र प्रतिजैविकाचं इंजेक्शन सुरू झालं की औषधाच्या बाटलीवर सांगितलेले दिवस त्या गाईचं दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको.

आता एकेक गोष्ट सविस्तर.

हा लम्पीच आहे का

लम्पीची गाठ कातडीच्या पूर्ण जाडीतून येते. चिमटीत धरली तर कातडीसकट हलते, घट्ट लागते, गोल असते, आकार साधारण २ ते ५ सेंटिमीटर. आधी ताप चढतो, १०४ ते १०६ फॅरनहाइटपर्यंत जातो, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत गाठी उमटतात. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, तोंडातून लाळ, खाणं कमी. खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या वर पोटाच्या बाजूला हात फिरवून पाहा. तिथल्या लसिका ग्रंथी सुजून हाताला स्पष्ट लागतात. हे लक्षण फार कामाचं आहे, कारण गाठी नीट दिसण्याआधीच ते सापडतं.

पित्ताच्या गांधी मऊ आणि चपट्या असतात, काही तासांत येतात आणि तशाच विरतात, ताप सहसा नसतो. वासरांच्या तोंडावरचं गजकर्ण राखाडी, खपलीदार आणि केस गेलेलं असतं. लाळ्या-खुरकुतात तोंडात आणि खुरांत फोड येतात, अंगभर गाठी नाहीत. तिव्यात, म्हणजे तीन दिवसांच्या तापात, ताप आणि लंगडणं असतं, दोन-तीन दिवसांत जनावर सावरतं, गाठी येत नाहीत. सगळ्यात जास्त फसवतो तो गाईंमधला एक नागीण गटातला विषाणू. त्याच्याही गाठी अंगभर येतात, पण त्या कातडीच्या वरच्या थरातच राहतात आणि साधारण दोन आठवड्यांत खपली पडून मोकळ्या होतात. लम्पीच्या गाठीचा मधला भाग काळा पडून मरतो, कडेने खाच पडते आणि तो गाभा निघाला की मांसापर्यंत खड्डा राहतो.

खात्री प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने होते, ती विषाणूचा जनुकीय अंश शोधते. गाठीवरच्या खपल्या आणि तापाच्या दिवसांतलं, रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घेतलेलं रक्त बर्फावर ठेवून पाठवतात. तो नमुना डॉक्टरांनाच घेऊ द्या. गावातल्या पहिल्या एक-दोन जनावरांची तपासणी झाली की पुढच्या प्रत्येक जनावरासाठी अहवालाची वाट बघत बसायचं कारण नाही.

वर्दी देणं ही कायद्यानेही तुमची जबाबदारी आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात लम्पी मोडतो. 'गावात बोभाटा होईल, दूध कोणी घेणार नाही' या भीतीने लोक चार-पाच दिवस दडवतात. तेवढ्यात माशांनी विषाणू शेजारच्या तीन गोठ्यांत पोचवलेला असतो.

विषाणू आणि त्याची वाहतूक

हा देवीच्या कुळातला विषाणू. मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी हे त्याचे सख्खे भाऊबंद, आणि म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस गाईला काही प्रमाणात वाचवते. १९२९ साली आजच्या झांबियात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. बरीच दशकं तो आफ्रिकेतच होता, १९८९ मध्ये इस्राएलमध्ये दिसला, २०१३ नंतर तुर्कस्तान आणि बाल्कन देशांत पसरला. २०१९ मध्ये बांगलादेश, चीन आणि आपल्याकडे ओडिशात आला. महाराष्ट्रात २०२० मध्ये विदर्भात दिसला होता. पण खरा तडाखा बसला तो २०२२ मध्ये. गुजरात-राजस्थानात हजारो जनावरं गेल्यावर ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला, पहिली नोंद झाली. सप्टेंबरमध्ये सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांचे बाजार बंद करावे लागले.

पसरवण्याचं मुख्य काम चावणाऱ्या किड्यांचं. घरमाशीसारखी दिसणारी पण पुढे टोकदार सोंड असलेली तबेल्यातली माशी, डास आणि गोचीड. विषाणू त्यांच्या सोंडेला लागून जातो. माशी एका गाईला चावते, गाय शेपटी मारते, माशी उडून दुसरीवर बसते आणि अर्धवट राहिलेलं जेवण तिथे पूर्ण करते. म्हणून एका दावणीतला प्रसार इतका जलद असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास संसर्ग झालेल्या गाईचं रक्त प्यायल्यावर २ ते ६ दिवसांनीही दुसऱ्या जनावराला रोग देतो, हे प्रयोगात दिसलं आहे. हा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. संध्याकाळचा धूर चांगला, पण गोठ्यामागचे जुने टायर, फुटक्या घागरी आणि उघडी टाकी तशीच ठेवून नुसत्या धुरावर भागणार नाही.

लाळ, नाकाचा स्राव, एकच गव्हाण, एकच हौद यांतूनही थोडा प्रसार होतो. आणि एक वाहक माणूस आहे. एकाच सुईने दहा गोठ्यांत इंजेक्शन देत फिरणारा माणूस माशीपेक्षा जास्त लांब आणि जास्त खात्रीने रोग नेतो. तुमच्या गोठ्यात सुई आली तर ती नवीन, पाकिटातली आणि एका जनावराला एकच, हे स्वतः उभं राहून पाहा. डॉक्टरांना याचा राग येत नाही.

विषाणू चिवट आहे. वाळलेल्या खपलीत तो महिनाभराहून जास्त टिकतो. त्यामुळे गळून पडलेल्या खपल्या उकिरड्यावर ढकलू नका, गोळा करून जाळा. ऊन, साबण आणि ५५ अंश सेल्सिअसला दोन तासांची उष्णता त्याला पुरेशी होते.

वेगळं ठेवणं म्हणजे काय

नुसती दावणीच्या टोकाला बांधलेली गाय वेगळी झाली, असं नाही. मधे भिंत किंवा मोकळं अंतर हवं. जागा असेल तितकं लांब, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तिची बादली, पाटी, दावं, खरारा सगळं तिचंच. चारा-पाणी आणि धार आधी निरोगी जनावरांची, शेवटी तिची. शक्य असेल तर तिच्याकडे बघणारा माणूस वेगळा ठेवा. माणूस एकच असेल तर तिच्याकडून आल्यावर हात-पाय साबणाने धुऊन कपडे बदला.

तिच्याभोवती बारीक जाळीची मच्छरदाणी लावता आली तर फार चांगलं. शेडनेटची भोकं मोठी असतात, डास सहज आत येतो. ज्या गाईला विषाणू आहे तिच्यापर्यंत माशी पोचू न देणं, हा या आजारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

कीटकनाशकाचं प्रमाण चुकवू नका. अंगावर फवारायला डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के असेल तर एका लिटर पाण्यात २ मिली. शेतात फवारायचं औषध गाईवर मारू नका, जनावरांसाठीचंच घ्या. फवारताना तोंड, डोळे, कास आणि उघड्या जखमा टाळा, उन्हाच्या वेळी फवारू नका, आणि अंग वाळेपर्यंत गाय स्वतःला चाटणार नाही असं बांधा. आजारी गाईवर किंवा लहान वासरावर रासायनिक फवारणी नको असेल तर एका लिटर पाण्यात करंज तेल, कडुनिंबाचं तेल आणि नीलगिरी तेल प्रत्येकी १० मिली, त्यात अंगाचा साबण २ ग्रॅम विरघळवून चांगलं घुसळा. साबण नसेल तर तेल पाण्यावर तरंगतं आणि फवारा नुसत्या पाण्याचा होतो. हे मिश्रण किडे मारत कमी आणि दूर जास्त ठेवतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारावं लागतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गोचिडांवर चालतं, पण दुभत्या गाईला नको, औषध दुधात उतरतं.

गोठ्याची फरशी आणि गव्हाण आधी शेण-माती काढून, घासून धुवा. मग २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट किंवा २ टक्के फिनॉल टाका आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. शेणावर ओतलेलं हायपोक्लोराइट वाया जातं, शेणच त्याची ताकद संपवतं. जनावरं बाहेर बांधून हे करा. तबेल्यातल्या माशीची अंडी ओल्या शेणात आणि गव्हाणीखाली कुजणाऱ्या उष्ट्या चाऱ्यात असतात. तो ओला थर दर दोन दिवसांनी निघाला पाहिजे.

आजारी गाईची शुश्रूषा

विषाणू मारणारं औषध नाही. गाईचं शरीर स्वतः त्याच्याशी लढतं आणि बहुतेक गाई बऱ्या होतात. साधारणपणे मृत्यूचं प्रमाण १ ते ५ टक्के धरतात, २०२२ सारख्या लाटेत, लस नसलेल्या संकरित गाईंत आणि वासरांत ते वाढतं. जी गाय जाते ती बहुधा तीन वाटांनी जाते: फुप्फुसात जंतू शिरतात, खाणं-पाणी सुटून ती बसते, किंवा जखमा चिघळून विष अंगात भिनतं. तिन्ही वाटा बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. म्हणून गाठी किती आल्या हे मोजण्यापेक्षा ताप, पाणी आणि रवंथ रोज लिहा.

ताप सकाळी आणि संध्याकाळी, गुदद्वारात थर्मामीटर आतल्या बाजूला टेकवून, दोन मिनिटं. गाईचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ असतो. बाकीच्या जनावरांचाही रोज एकदा, सकाळी थंड वेळेला मोजा. १०३.५ च्या वर गेलं की त्याला दुसरी आजारी गाय धरा, गाठींची वाट बघू नका. प्रयोगात विषाणू टोचलेल्या जनावरांपैकी जवळपास निम्म्यांच्याच अंगावर गाठी उमटतात. बाकीची निरोगी दिसत राहतात आणि त्यांच्या रक्तात विषाणू असतो.

ताप आणि वेदनेवर मेलोक्झिकॅम चांगलं. मात्रा एका किलो वजनाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २०० मिलिग्रॅम. एका मिलीत ५ मिलिग्रॅम असलेली बाटली असेल तर ४० मिली होतात. पण गाय पाणीच पीत नसेल तर हे औषध मूत्रपिंडाला जड जातं. आधी पाणी, गरज पडली तर शिरेतून सलाइन, मग वेदनाशामक. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक २०२३ पासून, त्यानंतर निमेसुलाइडही. मेलेल्या गुराचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, म्हणून ही बंदी. कोणी ती औषधं देऊ लागला तर नको म्हणा.

प्रतिजैविक लम्पीच्या विषाणूवर काम करत नाही. ते द्यायचं ते फुप्फुसात आणि गाठींत शिरणाऱ्या जंतूंसाठी. कोणतं ते डॉक्टर ठरवतील, पण सुरू केलं तर पाच ते सात दिवस सलग. 'एक सुई मारली, ताप उतरला, बंद केलं' असं झालं की आठवड्याने न्यूमोनिया समोर उभा राहतो. स्टेरॉइड सुरुवातीला टाळाच. त्याने गाय काही तासांत टवटवीत दिसते, मालक खूश होतो, आणि विषाणूला रोखणारी ताकद मात्र दबते. दुसऱ्या दिवशी तरतरी आणून चौथ्या-पाचव्या दिवशी गाय ढासळली, अशा बऱ्याच प्रकरणांच्या मागे हेच निघतं.

आता पाजण्याबद्दल, आणि हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो. लम्पीत घशात आणि श्वासनळीतही गाठी आणि फोड येतात. गिळताना दुखतं, गिळण्याची क्रिया बिघडते. अशा गाईचं तोंड वर करून, जीभ ओढून औषधी काढा, तेल, ताक किंवा पातळ पेज ओतली तर त्यातलं काही फुप्फुसात जातं. ठसका लागतो, रात्री धाप वाढते, दोन-तीन दिवसांत गाय जाते आणि नाव लम्पीचं होतं. काही द्यायचंच असेल तर गुळात मळून जिभेवर थोडं थोडं चाटवा. विड्याची १० पानं, मिरे १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि गूळ यांचा वाटलेला गोळा पहिल्या दिवशी दर तीन तासांनी आणि पुढे दिवसातून तीनदा देण्याची पद्धत प्रचलित आहे. त्याने विषाणू मरत नाही. तोंडाला चव येऊन गाय चाऱ्याकडे वळली तर तेवढा फायदा घ्या. चाटत नसेल तर सोडून द्या.

पाणी समोर सतत हवं, ताजं आणि सावलीतलं, आणि ठेवायचं तोंडाच्या उंचीवर. पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) आणि पाय सुजलेल्या गाईला मान खाली घालून हौदातून पिणं जमत नाही. शेजारी दुसऱ्या बादलीत १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २०० ग्रॅम गूळ विरघळवून ठेवा. साधं पाणी काढून घेऊ नका, दोन्हींतलं तिला हवं ते पिऊ द्या. चारा कोवळा आणि बारीक कुट्टी केलेला: लसूणघास, कोवळा मका, नेपियरची शेंड्याकडची पानं. गव्हाचा कोंडा ओलसर करून चालेल. मात्र 'अशक्त झाली' म्हणून तीन-चार किलो पीठ शिजवून देऊ नका. चारा न खाणाऱ्या गाईच्या पोटात एकदम पीठ गेलं तर आम्ल वाढून रवंथ पुरतं बंद पडतं.

तोंडात फोड असतील तर एका लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम तुरटी घालून, डोकं खाली असताना, तोंड हळू धुवा आणि बोरोग्लिसरीन लावा. डोळे उकळून गार केलेल्या एका लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा पुसा. बुबुळ पांढरं दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायांना आणि पोळीला सूज असेल तर कोमट मिठाच्या पाण्याचा शेक. गाय बसली तर खाली जाड पेंढा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं. एकाच बाजूवर रात्रभर पडलेल्या जड गाईच्या खालच्या पायाचे स्नायू मरतात आणि ताप उतरूनही ती उठत नाही.

जखमा

गाठ कापू नका, पिळू नका, सुईने फोडू नका, वरची काळी खपली ओढू नका. तिच्याखाली नवीन कातडी तयार होत असते. न फुटलेल्या गाठींवर तेल लावायला हरकत नाही: खोकलीचा पाला, कडुनिंब, तुळस, मेंदी प्रत्येकी एक मूठ, लसणाच्या १० पाकळ्या, २० ग्रॅम हळद, हे सगळं वाटून अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळून गार केलेलं. याचा मोठा उपयोग माशा दूर ठेवण्याचा आहे.

गाभा स्वतःहून सुटला की उघडा खड्डा दिसतो. तो पोव्हिडोन आयोडिन पाण्यात १ ला १० पातळ करून किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा, कोरडा करा, मलम भरा आणि कडेने कडुनिंबाचं तेल व कापूर लावा म्हणजे माशी बसणार नाही. किडे पडलेच तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेत थोडा वेळ ठेवा, बाहेर आलेले किडे चिमट्याने वेचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्या सफाईला एकदा चालतं. रोज वापरलं तर भरून येणारं नवीन मांसही जळतं.

सडावर गाठी आल्या तर धार काढताना गाय लाथ मारते, दूध कासेत राहतं आणि काससुजी होते. वेदनाशामक दिल्यावर तासाभराने, सडाला मऊ मलम लावून, पूर्ण दूध काढा.

वासरं

तुमच्या गोठ्यात मला सगळ्यात जास्त काळजी त्या तीन वासरांची वाटते. मोठ्या जनावरांत लस किंवा जुन्या संसर्गामुळे थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. २०२२ नंतरच्या लाटांत म्हणूनच वासरं जास्त सापडतात. आईने लस घेतलेली असेल तर चिकातून मिळालेलं संरक्षण साधारण तीन-चार महिने पुरतं, तेही चीक वेळेत पोटात गेला असेल तरच. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, दोन वेळांत विभागून.

आजारी गाईचं वासरू तिच्याखाली सोडू नका. तिचं दूध उकळून, कोमट करून बादलीने किंवा बाटलीने पाजा, वासराची मान आडवी ठेवून. त्यातही ती प्रतिजैविकावर असेल तर दुसऱ्या गाईचं दूध द्या. वासराला ताप आला की अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती दोन सेकंदांत सपाट झाली नाही, तर डॉक्टरांना तातडीने बोलवा.

लस

आता लस द्यावी का, या प्रश्नाला उत्तर होय, पण निवडून. ज्यांचा ताप नेहमीइतका आहे, खाणं-पिणं ठीक आहे, अशा चार महिन्यांवरच्या सगळ्या गाई-बैल-वासरांना. ताप असलेल्याला किंवा गाठी असलेल्याला नाही. हे आधी समजून घ्या: लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. ज्या जनावरात विषाणू आज आधीच शिरलेला आहे त्याला पुढच्या दोन आठवड्यांत गाठी येऊ शकतात, आणि त्याचा दोष लसीवर जातो. तरी थांबण्यात तोटाच जास्त.

भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती शेळ्यांच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची लस. लम्पीच्याच विषाणूपासून बनवलेली लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसोबत तयार केली आणि ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायोलम्पिव्हॅक्सिन या आणखी एका देशी लसीला परवाना मिळाला. तुमच्या दवाखान्यात यांपैकी जी मिळेल ती आज घ्या, अमुकच हवी म्हणून दोन आठवडे घालवू नका.

या लसी जिवंत विषाणूच्या असतात, त्यामुळे वाया जाण्याची कारणंही ठरलेली आहेत. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, बर्फाच्या फ्लास्कमधूनच यावी. द्रावण मिसळल्यावर दोन तासांत संपवावी, त्या वेळात ऊन लागू नये. टोचायच्या जागी स्पिरिट ओलं असताना सुई घातली तर लसीतला विषाणू मरतो. मानेच्या कातडीखाली टोचायची, मांसात नाही. एका फेरीत शंभर घरं उरकायची घाई इथे चालत नाही. संध्याकाळी उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरली तर टोचल्याची नोंद होते आणि संरक्षण काहीच मिळत नाही. टोचल्यावर जागेवर सूज, एक-दोन दिवस ताप, दूध थोडं कमी, हे अपेक्षित आहे.

संरक्षण साधारण वर्षभर धरा. महाराष्ट्रात टोचायची योग्य वेळ एप्रिल-मे, पावसाळी माशा आणि डास वाढण्याआधी. ऑगस्टमध्ये गावात रोग आल्यावर धावपळ करून दिलेली लस नेहमी तीन आठवडे मागे असते.

शेळ्यांना लम्पी होत नाही असं धरून चालायला हरकत नाही. त्यांना त्यांची स्वतःची देवीची आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस लागते. म्हशींना हा रोग होतो, पण क्वचित आणि सौम्य.

बैलजोडी

खिलार जोडीला आजपासून २८ दिवस गोठ्याबाहेर काढू नका. पोळ्याची मिरवणूक, शर्यत, बाजार, शेजाऱ्याची पेरणी, काहीही असो. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्यातून हजारो बैल पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर एकमेकांना खेटून उभे राहतात. निघण्याआधी किमान २८ दिवस लस झालेली असावी. बैलाच्या खांद्यावर गाठ आली असेल तर ती पूर्ण भरून केस येईपर्यंत जू ठेवू नका. अर्धवट भरलेल्या जागेवर जू बसलं की तिथे कायमची गळवं होतात.

जनावर दगावलं तर

पुरण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी आणि पंचनामा करून घ्या, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक दिसेल असे फोटो काढा. २०२२ मध्ये राज्य सरकारने दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली होती. घाईने पुरून टाकल्यामुळे बऱ्याच जणांकडे पुरावाच उरला नाही. सध्या काय तरतूद आहे ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. खड्डा सहा ते आठ फूट, विहीर, ओढा आणि वस्तीपासून दूर, खाली आणि वर चुन्याचा थर. कातडं काढायला देऊ नका, वाळवलेल्या कातड्यातही विषाणू कित्येक दिवस जिवंत राहतो. ओढत नेताना वाटेवर सांडलेल्या स्रावावर जंतुनाशक टाका.

बरी झाल्यावर

ताप उतरला म्हणून गाय लगेच दावणीला परत आणू नका. शेवटची खपली पडून जखमा कोरड्या होईपर्यंत तिला वेगळीच ठेवा, याला बहुधा महिनाभर लागतो, खोल जखमा असतील तर जास्त. दूध हळूहळू वाढतं, त्या वेतात पूर्वीइतकं येईलच असं नाही. गाभण गाय गाभडू शकते. रिकामी गाय काही महिने माजावर येत नाही. या काळात तिच्यावर माजाच्या इंजेक्शनांचा मारा करू नका. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्या, अंगावर मांस येऊ द्या, मग तपासणी करून रेतन करा. गावचा वळू आजारी पडला असेल तर त्याच्यावर गाई अजिबात नेऊ नका. प्रयोगात रोग झालेल्या वळूच्या वीर्यात जिवंत विषाणू ४२ दिवसांपर्यंत आणि त्याचा जनुकीय अंश १५९ दिवसांपर्यंत सापडला आहे, आणि काही वळू कायमचे निकामी होतात. तपासलेल्या वळूंच्या गोठवलेल्या रेतमात्रा वापरा.

या गाईला यंदा लस नको, आजारातून आलेलं संरक्षण तिला पुरेसं आहे. पुढच्या एप्रिलमध्ये बाकीच्यांसोबत तिचंही नाव यादीत घाला.